एएनसीचं अन्नछत्र

रामकिसनराव पांढरे सरकारी समितीवर गेले ते स्वतःहून नव्हे, खंडोबामुळे. अंबडच्या बाहेरच्या अंगाला टेकाडावर खंडोबाचं देऊळ आहे, देवळाचा ट्रस्ट आहे, आणि ट्रस्टला एक सचिव असावा लागतो. अंकुशनगरला साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून निवृत्त होऊन आलेल्या माणसाचं अक्षर चांगलं आणि वेळ भरपूर, एवढ्या दोन गुणांवर ते पद त्यांना चिकटलं. पुढं तालुक्याच्या कचेरीतून निरोप आला, की लोकोपयोगी कामांच्या समितीवर प्रत्येक धर्मस्थळाचा एक प्रतिनिधी पाहिजे. ट्रस्टचे अध्यक्ष गुडघ्यानं अधू, खजिनदार कापसात गुंतलेले. उरले रामकिसनराव.

"धर्मस्थळ प्रतिनिधी," त्यांनी घरी मोठ्यानं म्हणून पाहिलं.

द्वारकाबाई शेंगा फोडत होत्या. "पगार हाय का?"

"मान हाय."

"मंग येताना कोथिंबीर आणा."

मान मिळायला सुरुवात चांगली झाली. कचेरीत खुर्ची मिळाली, पाण्याची बाटली मिळाली, समोर नावाची पाटीसुद्धा होती. तीवर 'पांढरे'चं 'पांडे' झालं होतं, पण रामकिसनरावांनी मोठ्या मनानं तेवढं सोडून दिलं. शेजारी मशिदीचे हाफिजसाहेब बसले होते, पांढरीशुभ्र दाढी, डोळ्यांत सुरमा. दोघांनी एकमेकांना मान लववली. मग एक साहेब उभे राहिले आणि बोलू लागले.

"एसडीओ साहेब व्हीसीवर आहेत, म्हणून बीडीओ साहेब चेअर करतील. टीएचओंचा एमपीआर आलाय, सीडीपीओंचा पेंडिंग आहे. एचएमआयएसला आपला तालुका रेडमध्ये दिसून राह्यला. कारण एकच. एएनसी!"

एबीसीडीचं पोतं फाटावं आणि अक्षरं खोलीभर सांडावीत तसं झालं. रामकिसनरावांना जन्मात तीनच आद्याक्षरं नीट कळली होती : एसटी, पीएफ आणि बीपी. त्यातली तिसरी भानगड दुसरीच्या मागं फिरूनच जडली होती. हाफिजसाहेबांनी मान डोलावली. हाफिजसाहेबांना कळतंय म्हटल्यावर खंडोबानं मागं राहून कसं चालेल? रामकिसनरावांनीही डोलावली, आणि अंमळ जोरातच डोलावली.

"एएनसीचा कॅम्प घ्यायचाय," साहेब सांगत होते. "गरजूंपर्यंत पोचलं पाहिजे, एकही लाभार्थी सुटता कामा नये. मागच्या वेळी फार थोडे लाभार्थी आले. लोकांचा देवळावर विश्वास असतो, म्हणून तुम्हाला बोलावलं. सावली पाहिजे, पाणी पाहिजे, मोठी जागा पाहिजे. एएनएम असतील, एमओ येईलच. तुम्ही फक्त देवळावरून पुकारायचं. कोण घेतं?"

खोलीत शांतता पसरली. अशा शांततेत माणसानं छताकडं पाहावं हा कमिट्यांचा जुना नियम आहे. रामकिसनराव नवे होते. त्यांनी हात वर केला.

टाळ्या झाल्या. 'पांडेसाहेबांचं अभिनंदन' झालं.

बाहेर पायऱ्यांवर हाफिजसाहेब चपला शोधत होते. रामकिसनरावांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय हाफिजसाहेब, सगळं ध्यानात आलं ना?"

"बिलकुल! और आपको?"

"एकदम."

"वो एएनसी का भी?"

"त्यात काय न समजण्यासारखं हाय?"

"वही तो," हाफिजसाहेब म्हणाले. दोघं क्षणभर एकमेकांच्या तोंडाकडं आशेनं पाहत राहिले. मग नाइलाजानं आपापल्या वाटेनं गेले.

आता, साहेबाला परत जाऊन विचारलं असतं तर ही गोष्टच घडली नसती, हे कोणीही सांगेल. पण ज्यानं भर सभेत हात वर केला, त्यानं पायऱ्या चढून परत जायचं आणि 'मी काय घेतलंय?' असं विचारायचं? काट्यावर तीस हंगाम काढले त्यांनी. कोणत्या गाडीवानानं उसात दगड घातलाय ते नुसत्या बैलाच्या चालीवरून ओळखणारा माणूस. तो असलं विचारत नसतो. त्यांनी कोथिंबीर घेतली आणि घरी आले.

घरी मोबाइलला विचारलं. मोबाइलनं सांगितलं, की एएनसी हा दक्षिण आफ्रिकेतला एक राजकीय पक्ष आहे. रामकिसनरावांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. आफ्रिकेतल्या पक्षाचा मेळावा अंबडच्या खंडोबापुढं कशाला, हे काही केल्या जुळेना. त्यांनी मोबाइल बंद केला आणि कुंपणाच्या पलीकडं हाक मारली.

कुंपणाच्या पलीकडं अण्णासाहेब राहत. ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवरच्या कर्ण्यातून जन्मभर गाड्या सोडल्यामुळं त्यांच्या आवाजाला एक अधिकार आला होता. ते चुकीचं सांगत, पण असं सांगत की बरोबर सांगणाऱ्यालाच घाम फुटावा.

"एएनसी?" अण्णासाहेबांनी डोळे मिटले. "अक्षरं सुटी करा. ए-एन म्हणजे अन्. सी म्हणजे छ. अन्नछत्र!"

रामकिसनरावांचा जीव भांड्यात पडला. सावली, पाणी, मोठी जागा, गरजू लोक. सगळं कसं बराबर बसत होतं!

"मंग एएनएम?"

"अन्नमदतनीस. वाढपी म्हणा ना. सरकार सरळ बोलत न्हाई रामकिसनराव."

"आन् एमओ येईल म्हणत होते."

"मनीऑर्डर," अण्णासाहेब दयेनं हसले. "खर्चा नको का द्यायला?"

दुसऱ्या दिवशी रामकिसनरावांनी पोस्टात जाऊन देवस्थानच्या नावानं एमओ येणार असल्याची वर्दी देऊन ठेवली. खिडकीतल्या बाईंनी 'एमओ' हा शब्द आजीच्या नथीकडं पाहावं तशा कौतुकानं ऐकला आणि आली तर कळवू म्हणाल्या.

ट्रस्टच्या बैठकीत मात्र संपत आडवा आला. संपतचं शेत देवळाला लागून, तोंड शेतापेक्षा मोठं, आणि सचिवपदावर त्याचा जुना डोळा. "सरकार कव्हापासून जेवू घालायला लागलं?" तो म्हणाला. "पांढरे, तुम्ही नीट ऐकलं का?"

"तुझ्यापेक्षा जास्ती ऐकलंय."

"फसलं तर?"

"फसलं तर सचिवपद सोडीन," रामकिसनराव म्हणाले. हे वाक्य तोंडातून गेल्यावर त्यांना तोंड उघडल्याचा पश्चात्ताप झाला, पण अध्यक्षांनी ते इतिवृत्तात घ्यायला सांगितलं होतं, आणि इतिवृत्त लिहिणारे तेच होते. स्वतःच्या सुंदर अक्षरात त्यांनी ते लिहून घेतलं.

मग तयारी सुरू झाली. वरण, बट्टी, वांग्याची भाजी आणि बुंदी असं ठरलं. कोणी गहू दिला, कोणी तूरडाळ, कोणी गोवऱ्या. वसंता आचाऱ्यानं देवळामागं चर खणला. देवळाच्या कर्ण्यावरून रामकिसनराव रोज आरतीनंतर पुकारू लागले, "भक्तहो, सरकार आणि खंडोबा यांच्या संयुक्त विद्यमाने भव्य अन्नछत्र!" हे ऐकून आजूबाजूच्या वस्त्यांवरची माणसं आदल्या दिवशीपासून कमी जेवू लागली, असं द्वारकाबाई म्हणत. त्यांचा या सगळ्यावर विश्वास नव्हता, पण त्यांनी लोणच्याची बरणी काढून ठेवली होती.

तशात फोन आला. "काका, मी शीतल बोलतेय, एएनएम. जागा पक्की ना? दोन पडदे आणि एक पलंग लागेल. वजनकाटा आम्ही आणतो."

फोन ठेवून रामकिसनराव अण्णासाहेबांकडं गेले. जेवणावळीला पलंग कशाला?

"साहेबलोक चारचौघांत जेवत न्हाईत. म्हणून पडदा," अण्णासाहेब म्हणाले. "आन् बट्टी खाल्ल्यावर माणूस उभा राह्यतो का? म्हणून पलंग."

"आन् काटा?"

"अन्न तोलून वाढणार. भ्रष्टाचार बंद!"

काटा म्हटल्यावर मात्र रामकिसनरावांच्या अभिमानाला ठेच लागली. त्यांनी उलट फोन लावला. "हे पहा ताई, काटा मी स्वतः बघणार. तीस हंगाम काटा केलाय. भरलेली गाडी आधी घ्यायची, रिकामी झाल्यावर परत घ्यायची, आन् मधला फरक लिहायचा. तुम्ही बिनघोर राहा."

पलीकडून "बरं काका," असं काहीसं ऐकू आलं आणि फोन बंद झाला.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळपासून टेकाडावर माणूस मावेना. म्हातारे थाळ्या घेऊन आले, पोरं वाट्या घेऊन आली, एका वस्तीची तर अख्खी भजनी मंडळी टाळांसकट आली. गोवऱ्यांच्या धुरात खंडोबा दिसेनासा झाला. रामकिसनराव भगवा फेटा बांधून, हातात वरणाचा डाव घेऊन, मिरवणुकीतल्या हत्तीच्या चालीनं हिंडत होते. संपत कामासाठी जालन्याला गेला होता, तेवढी एक रुखरुख. त्याची आई जयवंताबाई मात्र सुनेला घेऊन आली होती. सून शिवकन्या, पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. दारात बसून पोरगी धापा टाकत होती.

मग पांढरी गाडी आली. शीतलताई उतरल्या, डॉक्टरबाई उतरल्या, पेट्या उतरल्या. आणि पाठोपाठ रिक्षांतून बायका उतरू लागल्या. एका रिक्षातून हाफिजसाहेब उतरले, त्यांच्या मोहल्ल्यातल्या चार-पाच जणींना घेऊन.

"या या हाफिजसाहेब, पहिल्या पंगतीला बसवा सगळ्यांना!" रामकिसनराव ओरडले.

हाफिजसाहेबांनी चरातल्या बट्ट्यांकडं पाहिलं, वाजणाऱ्या टाळांकडं पाहिलं. "पांढरेसाब, ये सब भी करना था क्या? हमें तो बहू ने कुछ और ही बताया."

रामकिसनराव ऐकायच्या अवस्थेत नव्हते. दोन रांगा एकमेकींत शिरल्या होत्या. थाळीवाले म्हातारे रक्ततपासणीच्या टेबलापाशी पोचले होते, आणि एका आजोबांचं बोट टोचून झालंसुद्धा होतं. ते बोट चोखत बट्टी कुठं आहे म्हणून विचारत होते. गर्दीतून शीतलताईंचा आवाज आला. त्या आपल्या सोबतिणीला सांगत होत्या, "आधी सगळ्यांची एलएमपी लिहून घे बाई, त्याच्याशिवाय पुढं काही होत नाही!"

एलएमपी! कशाची तरी कमतरता आहे आणि त्यामुळं पंगत अडली आहे, एवढं रामकिसनरावांना लख्ख कळलं. शेजारी अण्णासाहेब होतेच.

"लाभार्थी मान्यता पत्र," अण्णासाहेब तत्काळ म्हणाले आणि स्वतःचे खिसे चाचपू लागले.

रामकिसनरावांनी कर्णा सुरू केला. टेकाडावरून तो आवाज निम्म्या अंबडला जातो.

"भक्तहो! सर्वांनी आपापली एलएमपी तयार ठेवावी! मी जातीनं येऊन तपासणार आहे! पुरुषांनी सुद्धा दाखवायची! ज्यांची एलएमपी नसेल त्यांना बट्टी मिळणार न्हाई!"

आधी टाळ थांबले. मग रिक्षांतून आलेल्या बायकांच्या रांगेत कोणीतरी पदर तोंडाला लावला. मग दुसरीनं. मग सगळी रांगच पदरात हसू लागली, एकीला तर हसता हसता खाली बसवावं लागलं. हाफिजसाहेब आभाळाकडं बघत तोंडातल्या तोंडात काही पुटपुटू लागले. डॉक्टरबाईंनी पाठ फिरवली, पण त्यांचे खांदे हलत होते.

शीतलताई धावत आल्या, त्यांनी बटण बंद केलं आणि रामकिसनरावांच्या कानाशी लागून, भावानं बहिणीच्या तोंडून ऐकू नये असं सांगितलं. एलएमपी म्हणजे बाईची शेवटच्या पाळीची तारीख. ती नर्सबाया लिहून ठेवतात, दिवस मोजायला. एएनसी म्हणजे गरोदर बायांची तपासणी. एएनएम म्हणजे शीतलताईंसारख्या नर्सबाया. आणि एमओ म्हणजे मेडिकल ऑफिसर, त्या डॉक्टरबाई.

रामकिसनरावांनी पुन्हा एकदा रांगेकडं पाहिलं. सकाळपासून त्यांना या बायका नुसत्या खात्यापित्या घरच्या वाटत होत्या. मग त्यांना आपण फोनवर भरलेल्या गाडीबद्दल आणि रिकाम्या गाडीबद्दल काय बोललो ते आठवलं. पुढचं त्यांना आठवायचं नव्हतं. ते डाव हातात घेऊन तसेच दीपमाळेच्या मागं जाऊन बसले.

तिथं त्यांनी सचिवपदाचा राजीनामा मनातल्या मनात लिहायला घेतला. 'प्रकृतीच्या कारणास्तव' लिहावं की 'कौटुंबिक कारणास्तव' यावर विचार चालू होता. तेवढ्यात द्वारकाबाई आल्या.

"इथं काय करून राह्यले?"

"काही न्हाई."

"मंग उठा. तिकडं जयवंताबाई डॉक्टरीणबाईशी भांडून राह्यली. शिवकन्येचं काहीतरी बिघडलंय."

मंडपात गलका होता. शीतलताईंची नजर शिवकन्येच्या पावलांवर गेली होती. पावलं सुजून चपलेत मावत नव्हती, चेहराही सुजला होता. बीपी मोजला तर काटा कुठच्या कुठं. डॉक्टरबाईंचं मघाचं हसू पार गेलं होतं. "हिला आत्ता जालन्याला हलवायचं. झटके आले तर आई आणि बाळ, दोघांना धोका. मी एकशे आठ बोलावलीय."

"आमी जेवाया आलोत, तपासाया न्हाई," जयवंताबाईंनी सुनेचा दंड गच्च धरला होता. "मला सात झाले, कोण्या मशिनीनं हात लावला न्हाई. पायाला सूज येतेच. चल गं घरी."

"आजी, ऐका..."

"पोरगा न्हाई घरात. त्याला इचारल्याबिगर न्हाई."

संपतचा फोन लागत नव्हता. शिवकन्या कोणाकडंच न पाहता एवढंच म्हणाली, "आत्याबाई, डोकं लई दुखून राह्यलंय हो. समोरचं अंधुक दिसतंय."

रामकिसनराव गर्दीतून पुढं झाले. फेटा सुटून खांद्यावर आला होता, डावातून वरण ठिबकत होतं. ते काय बोलणार याचा त्यांनाही अंदाज नव्हता.

"वहिनी," ते म्हणाले, "आज अख्ख्या अंबडनं मला ऐकलंय. उद्यापासून मला बाजारात तोंड काढता येणार न्हाई. शहाणपण सांगायला मी आलो न्हाई, माझ्याकडं ते हाय असं आता कोणी म्हणणारबी न्हाई. पण मी काट्यावरचा माणूस. गाडी कधी कलंडणार ते मला दुरून दिसतं. ही पोरगी कलंडून राह्यली. हिला जाऊ द्या. संपतनं शिव्या घातल्या तर मला घालील, मला काय, एक जास्त."

जयवंताबाईंनी सुनेचा दंड सोडला. "मंग तुमी बी चला गाडीत," त्या शेवटी म्हणाल्या. "त्यो आला की तुमीच सांगा त्याला."

अशा रीतीनं खंडोबा देवस्थानचे सचिव वरणाचा डाव हातात घेऊन एकशे आठमध्ये बसले. जालन्यापर्यंत शिवकन्येचे डोळे मिटलेले होते. जयवंताबाई तिचे पाय मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि रस्त्यात खड्डा आला की ड्रायव्हरच्या घराण्याचा उद्धार करत होत्या. रामकिसनराव खंडोबाला काय काय बोलत होते ते त्यांनी नंतर कोणाला सांगितलं नाही, पण त्यात मागणी एकच होती.

निरोप मिळून संपत दवाखान्यात पोचला तेव्हा आत ऑपरेशन चालू होतं. बाहेर बाकावर आई आणि पांढरे शेजारी शेजारी बसलेले पाहून त्याला आधी वाटलं, आपण दवाखानाच चुकलो. आईनं सगळं सांगितलं. तो भिंतीला टेकून उभा राहिला. त्यानं शिव्या घातल्या असत्या तर रामकिसनरावांना सोपं गेलं असतं. मग दार उघडलं आणि नर्सनं सांगितलं, मुलगी झाली, वजनानं कमी आहे, काचेत ठेवावी लागेल, पण रडली चांगली. आई ठीक आहे. आणखी उशीर झाला असता तर मात्र काही खरं नव्हतं.

वजन किती, हे रामकिसनरावांनी सवयीनं विचारलं आणि लगेच जीभ चावली.

इकडं टेकाडावर द्वारकाबाईंनी पंगती उठवल्या होत्या. पहिल्या पंगतीला सगळ्या गरोदर बायका बसल्या, हाफिजसाहेबांनी बुंदी वाढली, आणि म्हाताऱ्यांना पुढच्या पंगतीला घेतलं. बायकांना हे आयतं डोहाळजेवणच वाटलं. त्यांतल्या काहीजणींनी पुढच्या तपासणीला बट्टी असेल का, हे शीतलताईंना जाताना विचारून घेतलं.

रामकिसनरावांना हे सगळं कळलं, पण त्यात त्यांचं मन रमलं नाही. बाजारात गेलं की कोणीतरी लांबून 'एलएमपी!' असं ओरडे आणि पळून जाई. न्हाव्याच्या दुकानात ते शिरले की माणसं वर्तमानपत्रात तोंड घालत आणि वर्तमानपत्रं हलत. दोनदा त्यांनी नंबर सोडून दाढी घरीच केली.

शेवटी ट्रस्टची बैठक आली. इतिवृत्त वाचायचं काम सचिवाचं. 'अन्नछत्र फसल्यास सचिव पद सोडतील' हे वाक्य त्यांनी जरा भरभर वाचलं.

"थांबा," संपत उठला. "मला बोलायचंय."

सगळे सावरून बसले. अण्णासाहेब मदतीला म्हणून आले होते, ते खिडकीबाहेर पाहू लागले.

"सचिवाला काही कळत न्हाई," संपत म्हणाला. "हे मी आधीपासून सांगून राह्यलो. सरकारनं सांगितलं एक, ह्यांनी ऐकलं दुसरं, केलं तिसरं, आन् कर्ण्यावरून जे बोलले ते तं माझ्या सासुरवाडीपर्यंत गेलंय."

रामकिसनरावांनी पेनाचं टोपण काढलं. राजीनाम्याचा कागद खिशात होता, 'कौटुंबिक कारणास्तव' असं ठरलं होतं.

"पण ह्यांना जर बराबर कळलं असतं," संपत खाली बघत म्हणाला, "आन् ह्यांनी गरोदर बायांची तपासणी म्हणून पुकारलं असतं, तं माझ्या आईनं सुनेला उंबऱ्याबाहेर काढलं नसतं. माय बट्टी खायला गेल्ती. म्हणून मी ठराव मांडतो. सचिवपदी हेच राहतील. आन् इथून पुढं ह्यांना कोणी कायबी समजावून सांगायचं न्हाई."

"अनुमोदन!" अण्णासाहेब स्टँडवरच्या आवाजात गरजले.

ठराव एकमतानं पास झाला. हा आपला सन्मान झाला की अपमान, हे रामकिसनरावांना ठरवता येईना. अध्यक्ष म्हणाले, "लिहून घ्या पांढरे." त्यांनी शब्दन्शब्द लिहून घेतला, सुंदर अक्षरात, आणि खाली सही केली.